बार्बेगालची १६ चाकं: रोमन लोकांकडे यंत्रं होती, मग भरभराट नक्की कुणाची झाली?

ऱ्होनकाठची

गेल्या शनिवारी एकदाची बार्बेगालला जाऊन आले. दक्षिण फ्रान्समधल्या आर्लपासून सायकलने तासाभराच्या आत पोचतो आपण. तिकीट नाही, गर्दी नाही, ऑलिव्हची झाडं आणि रातकिडे. आधी रोमन कालव्याच्या मोडक्या कमानी लागतात, दोन रांगा अगदी शेजारी शेजारी. एक कालवा आर्ल शहराला पाणी न्यायचा, तो डोंगराच्या अलीकडेच उजवीकडे वळतो. दुसरा वळतच नाही, सरळ खडकात घुसतो. खडक फोडून केलेली अरुंद खिंड आहे, तिच्यातून चालत पलीकडे गेलं की पायाखाली एकदम उतार आणि समोर लांबपर्यंत सपाट शेतं.

त्या उतारावर दोन ओळींत आठ-आठ अशी १६ पाणचाकं होती. वरच्या चाकावरून पडलेलं पाणी खालच्या चाकावर, तिथून त्याच्या खालच्यावर. प्रत्येक चाकाला जातं जोडलेलं. इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं हे काम. पूर्वी पुस्तकांत चौथं शतक लिहायचे, ते आता मागे गेलंय. रोज साधारण साडेचार टन पीठ निघत असावं असा एक अंदाज नेहमी दिला जातो, आणि त्याहून बराच जास्त धरणारेही आहेत.

मी भिंतीला हात लावून बघितला. कालव्याच्या आतल्या बाजूला क्षाराचा जाड थर आहे, आपल्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीला चढतो तसाच, फक्त दगडाइतका घट्ट. तिथे उभी असताना डोक्यात आलं ते इथे विचारतेय. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की रोममध्ये गुलाम फुकट मिळायचे म्हणून यंत्रांची कुणाला गरजच वाटली नाही आणि म्हणून तंत्रज्ञान खुंटलं. मग ही १६ चाकं काय आहेत? आणि यंत्रं होती तर साध्या माणसाच्या ताटात काही जास्त पडलं का? अभ्यास असणाऱ्यांनी प्लीज लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

जुनी_नाणी

छान लिहिलंय ताई. तुम्ही शिकलात ते मत मुख्यतः इतिहासकार मोझेस फिनले यांचं. त्यांचा १९६५ चा लेख या विषयात इतका गाजला की पुढची ३०-३५ वर्षं सगळे त्याच चौकटीत बोलत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की जमीनदार वर्गाला पैसा मिळवायचा होता पण उत्पादन वाढवण्याचा विचारच त्या समाजात नव्हता, प्रतिष्ठा जमिनीत आणि पदात होती, कारागिरीत नव्हती.

या बाजूने एक गोष्ट हमखास सांगतात. सम्राट व्हेस्पेशियनकडे (६९ ते ७९) एक कारागीर आला आणि म्हणाला की मोठमोठे खांब कमी खर्चात रोममधल्या कॅपिटॉल टेकडीवर पोचवून देतो. सम्राटाने त्याला भरघोस बक्षीस दिलं पण युक्ती वापरायला नकार दिला, म्हणाला मला माझ्या गरीब लोकांना पोटाला घालू दे. रोमन चरित्रकार सुएटोनिअसने ही हकीकत नोंदवलीय. वरवर बघता यंत्रविरोधी वाटते. पण नीट वाचा, इथे गुलामांचा संबंधच नाहीये! सम्राटाला काळजी आहे ती रोममधल्या मजुरी करून जगणाऱ्या स्वतंत्र माणसांची. गुलाम स्वस्त म्हणून यंत्र नको, असं ही गोष्ट म्हणतच नाही, उलट शहरात रोजगारावर जगणारी केवढी माणसं होती ते सांगते. इतकी वर्षं ही गोष्ट चुकीच्या बाजूने साक्षीला उभी केली जातेय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दळणवाला

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी होती, सातारा जिल्ह्यात. दगडाला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने ठोकून तो खरखरीत करायला, माणूस यायचा तेव्हा मी शेजारी बसून बघायचो, टाकी नीट लागली नाही तर पीठ गरम येतं आणि भाकरी थापताना चिरते. त्यामुळे रोमन जात्यांवर जिथे मिळेल तिथे वाचत आलोय.

ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात ३० च्या वर बेकऱ्या सापडल्या आहेत. तिथली जाती माणसाच्या छातीइतकी उंच, खालचा दगड शंकूसारखा आणि त्यावर वाळूच्या घड्याळाच्या आकाराचा दुसरा, वरून धान्य ओतायचं आणि लाकडी दांड्याला गाढव जुंपायचं. दगड लाव्ह्याचा, बारीक भोकाभोकांचा, म्हणजे झिजला तरी आतली नवी भोकं उघडी पडतात आणि दगड खरखरीत राहतो. २०२३ मध्ये तिथे एक बेकरी उकरून काढली, खिडक्या छोट्या, उंचावर आणि गज लावलेल्या, बाहेर जायला वाटच नाही. फरशीत अर्धगोल खाचा कोरलेल्या, गाढव आणि माणूस एकाच गतीने एकाच वर्तुळात फिरत राहावेत म्हणून. अपुलेइअस या रोमन लेखकाने दुसऱ्या शतकात अशाच जात्यावरच्या माणसांचं वर्णन केलंय, कपाळावर डाग दिलेले, पायात बेड्या, अंगावर चिंध्या आणि सगळीकडे पीठ बसून पांढरे झालेले.

आता मुद्द्याची गोष्ट. डायोक्लेशियन सम्राटाने ३०१ मध्ये कमाल भावांचं फर्मान काढलं, त्यात जात्यांचे भाव आहेत. हातजातं २५० डेनारी (रोमन नाणी), गाढवाचं १२५०, घोड्याचं १५००, पाणचक्कीचं २०००. त्याच फर्मानात शेतमजुराचा रोज २५ डेनारी अधिक जेवण. म्हणजे हातजात्याला १० दिवसांची मजुरी, गाढवाच्या जात्याला ५० दिवसांची आणि पाणचक्कीच्या जात्याला ८०. तुम्हीच सांगा, घोड्याच्या आणि पाण्याच्या जात्यात फरक फक्त २० रोजांचा! आणि घोडा वैरण खातो, म्हातारा होतो, पाणी काही मागत नाही. मग सगळीकडे पाणचक्क्याच का नाही झाल्या? कारण हा भाव जात्याचा आहे. पाट खणायचा, बंधारा घालायचा, ज्याच्या जमिनीतून पाणी येतं त्याची परवानगी मिळवायची, हे सगळं वेगळं. वर १२ महिने वाहतं पाणी पाहिजे, भूमध्य समुद्राकाठी उन्हाळ्यात ओढे आटतात. गिरणी टाकणं सोपं असतं, गिरणीपर्यंत पाणी आणणं ही मोठ्या धनाढ्याची नाहीतर सरकारची कामं.

ओवीबाई

मी अभ्यासक नाही पण एक सांगते. पहिल्या शतकाच्या आसपासचा अँटिपॅटर नावाचा ग्रीक कवी होता, थेस्सलोनिकाचा. त्याची पाणचक्कीवर छोटी कविता आहे. दळणाऱ्या बायांनो, आता हात थांबवा, कोंबडा आरवला तरी झोपून राहा, कारण तुमच्या हातांचं काम देवीने जलपऱ्यांना सांगितलंय, त्या चाकावर उड्या मारतात आणि जातं आपोआप फिरतं, असा तिचा आशय.

माझी आजी पहाटे चारला जात्यावर बसायची. खुंट्याला एक हात तिचा, एक काकूचा, आणि दुसऱ्या हाताने मधूनमधून वैरण घालायची. तिच्या तळहाताला पडलेले घट्टे मला अजून आठवतात. तिच्या सगळ्या ओव्यांत माहेर होतं, विठ्ठल होता, भाऊ होता, पण कुणी येऊन हे जातं थांबवेल असं एकाही ओवीत नव्हतं. म्हणून ती कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा मी रडले होते. २००० वर्षांपूर्वी एका माणसाला सुचलं की यंत्राचा फायदा म्हणजे कुणालातरी पहाटे झोपायला मिळणं. टनात पीठ किती निघालं यापेक्षा मला हे मोजमाप जास्त खरं वाटतं.

ऱ्होनकाठची

ओवीबाई, हे वाचून काटा आला. आणि दळणवाला दादा, ८० रोजांचा हिशोब एवढा डोळ्यांसमोर आणून दिल्याबद्दल खूप आभार, फर्मान माहीत होतं पण त्यात जात्यांचे भाव आहेत हे माहीत नव्हतं.

पंप_आणि_पिस्टन

मेकॅनिकलवाला आहे, त्यामुळे या विषयावर ‘रोमनांनी वाफेचं इंजिन का नाही बनवलं’ हा प्रश्न कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहितो. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात वाफेवर फिरणारा गोळा वर्णन करून ठेवलाय. तो फिरतो हे खरं, पण त्याला काही काम करायला लावा, लगेच थांबेल, सांध्यातून वाफ सुटते आणि सरपण भरमसाट लागतं. १७१२ मध्ये न्यूकोमेनचं इंजिन चाललं कारण ते कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी उभं होतं, जळण जवळपास फुकट होतं आणि हवेच्या दाबाची समज तोवर आली होती. रोमनांकडे पितळी सिलिंडर, पिस्टन आणि झडपा असलेले दाबपंप होते, म्हणजे सुटे भाग हाताशी होते, पण ते सगळं एकत्र आणायला लावणारी अडचण त्यांच्यापुढे त्या रूपात उभी नव्हती.

त्यांची अडचण होती खाणीत भरणारं पाणी. स्पेनमध्ये रिओ टिंटोला एकावर एक अशी पाणी उपसायच्या चाकांची आठ जोडपी सापडली, पाणी साधारण ३० मीटर वर चढवायची. ती चाकं कोण फिरवायचं? माणसं, पायांनी, अंधारात. आता बघा, इथे यंत्र आहे आणि गुलामही आहे. यंत्र आलं म्हणून गुलाम सुटला नाही आणि गुलाम होता म्हणून यंत्र अडलं नाही, दोघं एकाच खाणीत होते. मला वाटतं ‘गुलामगिरीमुळे यंत्रं नाहीत’ हे वाक्य रिओ टिंटोपाशीच मोडतं.

अजून एक, माझं सगळ्यात आवडतं. तुर्कीत पामुक्कलेजवळ हिएरापोलिस आहे, तिथे तिसऱ्या शतकातल्या अम्मिआनोस नावाच्या माणसाच्या दगडी शवपेटीवर त्याचं यंत्र कोरलंय. पाणचाक, दाती चक्र, आणि त्याला जोडलेले क्रँक व कनेक्टिंग रॉड, ज्यांनी दोन करवती मागेपुढे होऊन दगड चिरतात. गोल फिरणारी गती सरळ रेषेतल्या गतीत बदलायची ही जगातली आपल्याला माहीत असलेली सर्वांत जुनी जोडणी. आणि तिथे कोरलेल्या मजकुरात त्याचं कौतुक आहे, ग्रीक पुराणातल्या डीडॅलस या कारागिरासारखा कुशल म्हणून. कारागिरीला प्रतिष्ठा नव्हती म्हणतात, पण या माणसाला मेल्यानंतरही लोकांनी आपल्याला याच यंत्रावरून ओळखावं असं वाटत होतं ना.

आकडेमोड

यंत्रं होती हे मान्य. पण मूळ प्रश्न ग्रोथचा आहे, तिकडे येऊया. त्या काळची राष्ट्रीय उत्पन्नाची आकडेवारी कुणी ठेवली नाही म्हणून आडवाटेचे पुरावे घ्यावे लागतात.

ग्रीनलँडच्या बर्फात दरवर्षी थर साचतो, त्यात शिसं सापडतं. चांदी गाळताना शिशाचा धूर व्हायचा तो वाऱ्याने तिथवर गेला. पहिल्या आणि दुसऱ्या शतकात हे शिसं भरपूर वाढलेलं दिसतं आणि १६५ च्या सुमाराला अँटोनाइन नावाची रोगाची मोठी साथ आली तिथून कोसळतं. समुद्रतळाशी सापडलेल्या बुडालेल्या जहाजांची यादी केली तर इ.स.पूर्व पहिलं आणि इ.स. पहिलं शतक सर्वांत गजबजलेलं. आणि रोममधला मोंते तेस्ताच्चो तर प्रत्येकाने आयुष्यात एकदा बघावा, ३५ मीटर उंचीची टेकडी आहे आणि ती पूर्ण फुटक्या घड्यांची आहे. बहुतेक दक्षिण स्पेनमधून ऑलिव्ह तेल आणलेल्या अँफोरा, एकेका घड्यात ७० किलोच्या आसपास तेल. पाच कोटींहून जास्त घडे असावेत असा अंदाज आहे. खापरांवर शाईने वजन, व्यापाऱ्याचं नाव, तपासनिसाची नोंद लिहिलेली आहे. आपल्या मार्केट यार्डातल्या पोत्यांवर असते तशीच.

माझं मत, ही वाढ खरी होती पण ती नवीन शोधांची नव्हती. समुद्रावर चाचे नाहीत, एक नाणं, एक कायदा, जहाज बिनधास्त जातंय, म्हणून जे आधीच माहीत होतं ते लांबवर पसरलं. काच फुंकायची कला घ्या, इ.स.पूर्व पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर सुरू झाली आणि काही दशकांत ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो. श्रीमंताची वस्तू गरिबाच्या घरात आली, ही ग्रोथच की. पण एकदा सगळीकडे पसरून झालं की पुढे काय? पुढचं इंधन नव्हतं.

जुनी_नाणी

@आकडेमोड, जहाजांच्या यादीबद्दल जरा सावध राहा. बुडालेलं जहाज आपल्याला सापडतं ते मातीच्या घड्यांच्या ढिगामुळे. पुढच्या काळात वाईन लाकडी पिपांतून जायला लागली, ती पिपं कुजून गेली, वर काहीच शिल्लक नाही. म्हणजे यादीतली घट थोडी घड्यांची घट आहे, व्यापाराची नाही. बर्फातलं शिसं चांदी दाखवतं, धान्य नाही दाखवत.

आणि वाटणीचं काय? वॉल्टर शायडल आणि स्टीव्हन फ्रीसन या अभ्यासकांनी २००९ मध्ये हिशोब मांडला, साम्राज्याचं एकूण उत्पन्न वर्षाला २००० कोटी सेस्टर्सच्या (हेही रोमन नाणं) आसपास आणि वरच्या दीड टक्के घरांकडे त्यातला जवळपास पाचवा हिस्सा. बहुसंख्य लोक जेमतेम पोटापुरते किंवा त्याच्या थोडं वर. मध्य इटलीत सापडलेल्या सांगाड्यांची उंची मोजली तर रोमन काळातली माणसं त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या लोकांपेक्षा बुटकी भरतात. संगमरवर, स्नानगृहं, रोममधल्या पँथिऑन देवळाचा ४३ मीटरचा घुमट, सगळं असताना.

आकडेमोड

पिपांचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. उंचीचं मात्र एक कारण शहरं पण आहेत, गर्दी, मलेरिया, घाण पाणी. त्यात एकट्या भुकेचाच हात नाही. पण हो, ग्रोथ झाली म्हणजे लोक धडधाकट झाले असं म्हणता येत नाही, हेही मान्य.

तेरणाकाठ

मी तेरचा, धाराशिव जिल्हा. इथं रोमचं नाव निघालं की आमच्या गावाला बोलायचा हक्क हाय असं मी मानतो. पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं आपल्या किनाऱ्याची खाडीन्‌खाडी लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात त्याला. त्यात लिहिलंय की भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे आमचं तेर. पैठणहून गोमेदाचे दगड आणि तेरहून जाडंभरडं कापड, मलमल, हे सगळं बैलगाड्यांनी, धड रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून भडोचला जायचं. शाळेत असताना आम्ही गावातलं म्युझियम बघायला जायचो, तिथं हस्तिदंताची वीतभर बाईची मूर्ती हाय. तसलीच एक पॉम्पेईच्या राखेत १९३८ ला निघाली, ती नेपल्सला ठेवलीय. गुरुजींनी हे सांगितलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपलं गाव जगाच्या नकाशावर हाय.

आता वाटणीचंच बोलायचं तर एक कागद सांगतो. व्हिएन्नात एक पपायरस हाय, दुसऱ्या शतकातला, केरळच्या मुझिरिसहून निघालेल्या हेर्मापोलॉन नावाच्या जहाजाच्या मालाचा. माल जवळपास ७० लाख सेस्टर्सचा. त्या काळात रोमन शिपायाला वर्षाला १२०० सेस्टर्स मिळायचे. भागून बघा, एका जहाजातल्या मालात अख्ख्या लीजनचा, म्हणजे पाचेक हजार शिपायांच्या फौजेचा, वर्षाचा पगार निघतो! आणि सरकारी जकात किती? चौथा हिस्सा. सरसकट २५ टक्के. साम्राज्याला व्यापार का पाहिजे होता ते इथं कळतं. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेला देवळात एका भारतीय रांजणात साडेसात किलो मिरी सापडली, २००० वर्षं तशीच पडून.

पण गाडीवान, विणकर, खाणीतला माणूस, ह्यांच्या पदरात काय पडलं ते ह्या पपायरसवर नाही. त्यांचा हिशोब फारसा कुणी लिहिला नाही, म्हणून मला ह्या धाग्यातला जात्याचा २५० आन्‌ २००० चा हिशोब लई मोलाचा वाटतो.

ऱ्होनकाठची

तेरणाकाठ दादा, तेरला नक्की येणार, पुढच्या भारतवारीत.

सगळं वाचून पुन्हा त्या क्षाराच्या थराकडे वळले. कारण बार्बेगालवर २०१८ मध्ये जे संशोधन छापून आलं ते ह्याच थरांवर आहे. चाकांच्या लाकडावर क्षार चढत गेला, लाकूड कधीच कुजलं, पण क्षाराच्या तुकड्यांवर लाकडाचा ठसा उमटून राहिला. झाडाच्या वर्तुळांसारखे थर मोजता येतात. त्यावरून कळलं की चाकं दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीपासून पानगळीपर्यंत काही महिने बंद असायची. शहराला रोज भाकरी लागते, मग गिरणी इतके महिने बंद कशी चालेल? म्हणून त्यांचा तर्क असा की हे पीठ जहाजावरच्या टिकाऊ बिस्किटांसाठी असावं, जहाजं हिवाळ्यात थांबायची तेव्हा साठाही नको. म्हणजे ओवीबाईंच्या कवितेतल्या बायकांना इथल्या १६ चाकांमुळे पहाटे झोप मिळाली असेल असं मला आता वाटत नाही. आर्लच्या घराघरांत हातजाती फिरतच असणार. साधारण १०० वर्षं ही चक्की चालली आणि मग बंद पडली.

मला वाटलं होतं उत्तर हो किंवा नाही असं येईल. यंत्र होतं, मोठं होतं, व्यवस्थित राखलेलं होतं, फक्त ते ज्याच्या कामाचं होतं तो दळणारी बाई नव्हती.

दळणवाला

ताई, अर्धं पटलं. राहिलेल्या अर्ध्यासाठी एक सांगतो आणि मग गिरणीवाल्याची बडबड थांबवतो. ५३७ मध्ये गॉथ या जर्मनिक टोळीच्या लोकांनी रोमला वेढा दिला आणि कालवे तोडले. जानिकुलम टेकडीवरच्या पाणचक्क्या त्या कालव्यांवर चालायच्या, त्या थांबल्या, शहरात पीठ मिळेना. तेव्हा शहर राखणाऱ्या पूर्व रोमन सेनापती बेलिसारिअसने टायबर नदीत दोन-दोन होड्या शेजारी बांधल्या, मध्ये थोडी फट ठेवली, फटीत चाक आणि होडीत जातं. नदीच्या धारेवर दळण सुरू! गॉथांनी वरून झाडांचे ओंडके आणि प्रेतं सोडली चाकं मोडायला, तर याने नदीत आडव्या साखळ्या ताणल्या. त्या काळच्या प्रोकोपिअस या इतिहासकाराने हे सगळं लिहून ठेवलंय.

इथे कुठलं बिस्किट नाही आणि जकात नाही, उपाशी शहर आहे आणि त्याला त्या दिवशीचं पीठ पाहिजे. तेव्हा साम्राज्याचा व्यापार पार आटला होता, मोंते तेस्ताच्चोवर घडे पडायचे बंद होऊन पावणेतीनशे वर्षं झाली होती. तरी चाक कसं बनवायचं हे सुताराच्या हातात शिल्लक होतं. टायबरवर अशा तरंगत्या गिरण्या एकोणिसाव्या शतकापर्यंत होत्या.

ओवीबाई

दळणवाला दादा, त्या होडीतल्या जात्याजवळ पीठ घ्यायला रांग लागली असेल ना, आणि रांगेत बहुतेक बायकाच असतील. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाहीये. प्रोकोपिअसचा तो भाग कुणी मराठीत इथे उतरवून देईल का? मी टाइप करायला मदत करते.

ऱ्होनकाठची

मी करते सुरुवात. माझ्याकडे फ्रेंच भाषांतर आहे, या शनिवार-रविवारी पहिली दोन पानं टाकते. जुनी_नाणी, नावांचे उच्चार तुम्ही तपासाल का?